टाकीचा धोका कुंपणाबाहेरही मोजा

मोठ्या तेलटाकीचा धोका केवळ तिच्यातल्या साठ्यावरून ठरत नाही. तेल कोणते, वाफ कुठवर पसरेल, ठिणगी कुठून पडेल आणि त्या टप्प्यात माणसे किती, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच धोक्याचे मूल्यमापन पुरे होते. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला हा विषय परका नाही. नागपूर-वर्धा पट्ट्यात बोरखेडीला इंधनाचा डेपो आहे आणि कोठार पेटले की काय होते, हे वर्धा जिल्ह्याने ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा आगारात पाहिले आहे.

पहिला धोका विजेचा. पेट्रोलच्या मोठ्या टाकीचे छप्पर तेलावर तरंगते, त्यामुळे वाफेला जागा उरत नाही. पण छप्पर आणि टाकीची भिंत यांमधली फट रबरी पट्टीने बुजवलेली असते. ती झिजली की तिथूनच वाफ निसटते आणि वीज पडली की तिथेच पेट घेते. डिझेल पेट्रोलइतके चटकन पेटत नाही, म्हणून निर्धास्त राहणेही चूकच. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर वीज पडून पेटलेली डिझेलची टाकी विझवायला सुमारे तीन दिवस लागले.

दुसरा धोका गळतीचा, आणि तो अधिक घातक. जयपूरजवळच्या सीतापुरा डेपोत २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी पेट्रोल गळत राहिले. व्हॉल्व्ह दुरून बंद करण्याची सोय निकामी होती. हवेपेक्षा जड वाफ जमिनीलगत पसरली, स्फोट झाला, कर्मचाऱ्यांसह बाहेरची माणसेही दगावली आणि आग सुमारे ११ दिवस धुमसत राहिली. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी पातळी दाखवणारे यंत्र अडकले, धोक्याची पातळी गाठल्यावर भरणे थांबवणारी स्वतंत्र यंत्रणाही चालली नाही आणि टाकी ओसंडून वाहिली.

या दुर्घटनांतून तपासणीची यादी तयार होते : छपराची पट्टी आणि वीजवाहक जोड शाबूत आहेत का, पातळीचा इशारा प्रत्यक्ष वाजवून पाहिला का, व्हॉल्व्ह दुरून मिटतो का, टाकीभोवतीच्या बांधात सर्वांत मोठ्या टाकीतले सगळे तेल मावते का, फेस आणि पाणी पुरेसे आहे का. वाऱ्याची दिशा, जवळची वस्ती आणि रस्ते हेही त्यात आलेच पाहिजेत.

पेट्रोलियम साठ्यांना परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी मोठ्या साठ्यांसाठी आवाराबाहेरचा आपत्कालीन आराखडा आणि आसपासच्या लोकांना माहिती देणे बंधनकारक केले आहे. हा आराखडा फायलीत राहिला तर मूल्यमापन अपुरेच. जिल्हा प्रशासनाने तो डेपोभोवतीच्या ग्रामपंचायतींपर्यंत मराठीत पोहोचवावा, गावकऱ्यांना घेऊन दरवर्षी सराव करावा आणि त्यात आढळलेल्या उणिवा जाहीर कराव्यात.