चमत्कार आणि साक्ष

चमत्कारांवर विश्वास ठेवण्यास सबळ कारण आहे काय, असा प्रश्न निघाला कीं एक पक्ष म्हणतो, हजारोंनीं डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें कसें असेल? दुसरा म्हणतो, पाहणारे सारे भोळे किंवा लबाड. आमच्या मतें दोघेही चुकतात. साक्षीदारानें पाहिलें काय आणि त्यावरून ताडलें काय, हा भेद कोणीच करीत नाहीं.

ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीच्या मूर्ति दूध पितात ही वार्ता दिल्लीहून निघाली व एका दिवसांत देशभर पसरली. चमच्यांतील दूध नाहींसें होत होतें, हें खरेंच. तें सांगणारे खोटें बोलत नव्हते. परंतु 'दूध चमच्यांतून गेलें' ही साक्ष, 'देवानें तें प्राशन केलें' हें अनुमान. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळला, तेव्हां तें पातळ थरानें मूर्तीच्या अंगावरून खालीं उतरतांना स्पष्ट दिसलें. पृष्ठताणामुळें द्रव चमच्याच्या कडेवरून ओढला जातो, इतकेंच त्याचें इंगित.

ऑगस्ट २००६ मध्यें मुंबईस माहीमचा समुद्र गोड झाल्याची हाकाटी झाली. पाणी कमी खारट लागलें असेल. पण मिठी नदी तेथेंच समुद्रास मिळते आणि तो काळ पावसाळ्याचा होता, हें किती जणांनीं ध्यानांत घेतलें? तें दूषित पाणी पिऊं नका असें अधिकारी बजावीत असतां लोक तें प्याले, बाटल्यांत भरून घरीं घेऊन गेले! अनुमानाची चूक अशी जिवावर बेतूं शकते.

ईश्वर सर्वसमर्थ आहे, त्यास अशक्य काय, असें कोणी म्हणेल. पण ईश्वरास काय शक्य आहे हा येथें वादाचा मुद्दाच नव्हे. अमुक दिवशीं अमुक गोष्ट घडली काय, हा आहे. पन्नास रुपयांच्या दाव्यांतहि जो विधान करतो त्यासच तें सिद्ध करावें लागतें. मग सृष्टिनियम मोडल्याचा दावा ऐकीव वार्तेवर कसा मान्य व्हावा?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ता. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षीं महाराष्ट्रांत झालेल्या कायद्यानें चमत्काराच्या नांवावर लोकांस फसविणें हा अपराध ठरविला. कायदा लबाडास शासन करील. प्रामाणिक माणसाच्या घाईच्या अनुमानास मात्र त्याच्यापाशीं औषध नाहीं. तेथें ज्यानें त्यानें स्वतःच न्यायाधीश झालें पाहिजे. साक्ष अवश्य ऐकावी. निकाल उलटतपासणीनंतरच द्यावा.