दुसऱ्यांदा गायलेले गाणे

जुने गाणे नव्या गळ्यातून आले की मराठी घरात दोन तट पडलेच म्हणून समजा. २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांचा 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला तेव्हाही तेच झाले. एका बाजूला वसंतराव देशपांडे यांची ध्वनिमुद्रिका झिजेपर्यंत ऐकलेली पिढी होती. दुसऱ्या बाजूला 'घेई छंद मकरंद' हे पद आयुष्यात पहिल्यांदा शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्याकडून ऐकणारी पोरे होती. पहिल्यांचे म्हणणे, मूळ ते मूळ. दुसऱ्यांचे म्हणणे, आम्हाला हेच भिडले, आम्ही काय करणार? आता इतकी वर्षे लोटली तरी नाट्यगीतांच्या कुठल्याही बैठकीत हा वाद नव्याने पेटतो.

आमच्या कळवणसारख्या गावात त्याला आणखी एक पदर आहे. नाशिकचे कालिदास कलामंदिर इथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, वाटेत नांदुरी, वणी, दिंडोरी. रात्रीचा प्रयोग पाहून परतायचे म्हणजे स्वतःची गाडी हवी, नाहीतर मुक्कामाची सोय. या तालुक्यातल्या बहुतेकांना संगीत नाटक भेटले ते रेडिओवर, पुढे कॅसेटवर आणि आता मोबाइलवर. ज्यांनी प्रयोग पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण हेच गाणे. त्यांना 'तुम्ही खरे ऐकलेच नाही' असे सुनावणे हा अन्याय आहे.

शिवाय या पदाच्या बाबतीत मूळ कोणते, हा प्रश्नच टिकत नाही.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये 'नाट्यसंपदा'ने रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. गोष्ट दोन गवयांची आणि दोन गायकींची: पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. दोघांतला फरक संवादांतून सांगून भागले असते. अभिषेकींनी तो चालींतून दाखवला. शब्द तेच, पद तेच, पण पंडितजींच्या बाजूला सालगवराळीतली संथ, आत वळलेली चाल आणि खाँसाहेबांच्या तोंडी धानीतली चपळ, उसळती चाल. एकाच कवीचे शब्द, एकच संगीतकार, एकच नाटक, आणि गाणी दोन. यातले अस्सल कोणते आणि नक्कल कोणती? दोन्ही चाली एकाच हाताने, एकाच प्रयोगासाठी घडवल्या आहेत. म्हणजे या पदाचा जन्मच स्पर्धेतला आहे. दुसऱ्या गळ्याने ते वेगळे गावे, ही त्याच्या रचनेतलीच अट आहे.

दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली की अभिषेकींचे मोठेपण लख्ख कळते. प्रसाद सावकारांच्या आवाजातली सालगवराळी ऐकताना शब्द ठाय लयीत उलगडतात. राग फारसा कानावरून गेलेला नसतो, त्यामुळे पुढचा स्वर कुठे पडेल याचा अंदाज येत नाही आणि लक्ष आपोआप शब्दांवर स्थिरावते. भुंग्याविषयीचे हे बोलणे तिथे चिंतनासारखे, जवळजवळ प्रार्थनेसारखे वाटते. मग खाँसाहेब झालेले वसंतराव लावावेत. धानी पाच स्वरांचा राग: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. रिषभ-धैवत नसल्याने स्वरांत मोठमोठ्या उड्या आपसूक येतात आणि वसंतरावांचा गळा उड्यांसाठीच घडलेला. मुखडा परत परत येतो, पण 'छंद' हा शब्द ते एकसारखा टाकत नाहीत. कधी तो झटक्यात सुटतो, कधी त्याच्यावरच तान फुटते, कधी ती अर्ध्यात मोडून भलत्याच बाजूने समेवर येते. इथे भुंग्याविषयी चिंतन नाही, इथे भुंगाच गातो आहे. त्याला मध हवा आहे आणि तो मिळेपर्यंत थांबायचे नाही.

हे गाणाऱ्याचे चरित्रही इथे आठवावे. वसंतराव जन्मले १९२० साली मूर्तिजापूरला, वाढले नागपुरात, नोकरी केली लष्कराच्या हिशेब खात्यात. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, आणि या सगळ्यांखेरीज कानात बसलेले मास्टर दीनानाथ. इतक्या ठिकाणचे घेऊन कुठल्याच एका घराण्याचे न झालेले हे गवई, आणि दोन घराण्यांच्या भांडणाच्या नाटकातली सर्वात गाजलेली भूमिका त्यांनी गायली. खाँसाहेबांची ती चाल त्यांच्या गळ्यात इतकी मुरली की आज ती दुसऱ्या कोणाची वाटतच नाही.

१९६७ हे साल या विषयासाठी मोठे विलक्षण आहे. त्याच वर्षी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि नाचघरांतून उमललेल्या 'सोल' संगीतात असाच एक सामना झाला. ओटिस रेडिंग या गायकाने १९६५ मध्ये 'रिस्पेक्ट' हे स्वतः लिहिलेले गाणे गायले. कामावरून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो, एवढाच त्याचा विषय. फेब्रुवारी १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिनने तेच गाणे न्यू यॉर्कच्या स्टुडिओत गायले. तिने त्या शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून म्हटले, मागे कोरसला स्वतःच्या बहिणी घेतल्या, मधे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन आणला. बाईने गायल्याबरोबर मागणी उलटली. आता घरातली बाई पुरुषाकडे हिशेब मागत होती. जूनमध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याने व स्त्रियांच्या चळवळीने ते आपले मानले. रेडिंगने त्याच उन्हाळ्यात माँटेरीच्या महोत्सवात श्रोत्यांना सांगून टाकले की हे गाणे एका मुलीने आपल्याकडून नेले. तो डिसेंबरात विमान अपघातात गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. त्याच महिन्यात इकडे 'कट्यार' रंगभूमीवर आले.

'आधी कोणी गायले' या कसोटीचा फोलपणा पाहायचा तर 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' घ्यावे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत मार्विन गेने ते १९६७ च्या पूर्वार्धात गायले, पण मालक बेरी गॉर्डी यांना ते पसंत पडले नाही. मग ग्लॅडिस नाइट आणि तिच्या साथीदारांनी तेच गाणे जलद लयीत गायले. ते आधी बाजारात आले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. मार्विनचे रखडून १९६८ मध्ये बाहेर पडले आणि सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आता पहिले कोणते म्हणायचे? आधी गायलेले की आधी विकलेले? खरे महत्त्व लयीतल्या फरकाचे आहे. ग्लॅडिसच्या गाण्यात फसवणूक कळलेल्या बाईचा सात्त्विक संताप आहे. मार्विनने लय संथ ठेवून, आवाज आपल्या आवाक्याच्या वर ताणून त्याच शब्दांतून भीती काढली.

कसोटी लावायची तर ही लावावी: दुसऱ्या गायकाला त्या शब्दांत पहिल्याला न दिसलेले काही दिसले का? अरिथाला दिसले, ग्लॅडिसला दिसले. नाटकातल्या खाँसाहेबांना दिसले. चालीशी इमान राखणे सोपे असते, ते पाठांतराने जमते.

या कसोटीवर २०१५ ची दोन्ही ध्वनिमुद्रणे घासून पाहायला हवीत, भक्तिभावाने नव्हे आणि नाक मुरडूनही नव्हे. शंकर महादेवन यांनी श्रीनिवास खळे यांच्याकडे शिक्षण घेतले आहे आणि मराठी शब्द स्वच्छ, वजनदार उच्चारण्याची खळ्यांची शिस्त त्यांच्या गाण्यात जाणवते. पंडितजींच्या बाजूचे गाणे त्यांनी आब राखून गायले. पण वाद्यमेळ भोवती इतका दाटला आहे की शांतपणा हेच ज्या चालीचे बळ, तिला शांत राहायला जागाच उरत नाही. नाट्यगीताला ऑर्गन आणि तबला पुरतो. बाकीची जागा गायकाच्या श्वासाची असते. राहुल देशपांडे यांची गोष्ट अधिक अवघड. ते वसंतरावांचे नातू. आजोबा १९८३ मध्ये गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते, म्हणजे आजोबांचे गाणे त्यांना भेटले ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून. साहजिकच त्यांच्या खाँसाहेबांवर आजोबांची सावली आहे. ते उत्तम गातात, तान दाणेदार आहे. पण आजोबांच्या जागा जिथे जशाच्या तशा येतात तिथे ऐकणाऱ्याचे मन तुलनेत अडकते आणि जिथे राहुल स्वतःच्या वळणाने जातात तिथे गाणे एकदम जिवंत होते. 'सूरत पिया की' मध्ये महेश काळे यांच्या समोर उभे राहून ते गातात तेव्हा ही मोकळीक स्पष्ट दिसते, कारण तिथे समोर आजोबा नाहीत, जिवंत जोडीदार आहे. चित्रपटातल्या गायनासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

तेव्हा निवाडा द्यायचाच तर असा: धानीतले 'घेई छंद' वसंतरावांचे आणि त्याच्या जवळपास अजून कोणी पोचलेले नाही. सालगवराळीतले पद मात्र अजून मोकळे आहे. सगळे खाँसाहेबांच्या तानांवर भाळले आणि पंडितजींची चाल मागे पडली. एखाद्या तरुण गायकाने किंवा गायिकेने ती फक्त तबला आणि तंबोरा घेऊन गावी.

एका ध्वनिमुद्रणाने दुसरे पुसून टाकल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे आणि ते जास्त हळहळ लावणारे आहे. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक असे छप्पन्न गीतांत प्रसारित झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. तेव्हा प्रत्येक पात्राला आपला आवाज होता: सीतेला माणिक वर्मा, कौसल्येला ललिता फडके, विश्वामित्रांना राम फाटक. पुढे फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, छप्पन्नही गीते एकट्याच्या आवाजात गायली आणि त्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. आज 'गीतरामायण' म्हटले की बाबूजींचाच आवाज कानी येतो. त्यांच्या गायनाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. शब्दाला इतके जपणारा गायक विरळाच. पण एका पुरुषाच्या आवाजात कौसल्येचे दुःख आणि सीतेचे प्रश्न ऐकण्याची इतकी सवय झाली की त्या बायकांना मुळात बायकांचेच आवाज होते, हे दोन पिढ्यांना ठाऊकच नाही. हे कोणी कट करून केले नाही, बाजारात एकच आवृत्ती सहज मिळत राहिली म्हणून झाले.

नेमका हाच धोका आता वाढला आहे. मोबाइलवर गाण्याचे नाव टाकले की सर्वाधिक वाजलेली आवृत्ती वर येते आणि तिच्याखाली अनेकदा फक्त चित्रपटाचे नाव असते. दारव्हेकर, अभिषेकी, साल, राग, तबलजी, सगळे गायब. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने जुन्या गाण्यांच्या स्वस्त 'व्हर्जन' कॅसेट देशभर पोचवल्या. सप्तशृंगी गडावर चैत्रात खानदेशातून पायी येणारे भाविक देवीच्या गाण्यांच्या कॅसेट घेऊन परतायचे, तेव्हाही कोणाचे गाणे कोण गातो आहे हे वेष्टनावरून कळेलच असे नसे. स्वस्त कॅसेटने गाणे गरिबाच्या घरात नेले, हे श्रेय मोठे आहे. त्यात नावे हरवली, ही किंमतही मोठी होती.

कायद्याने याची दखल घेतली आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार ध्वनिमुद्रित गाण्याची कव्हर आवृत्ती कायद्याने मिळणाऱ्या परवान्यावर मूळ मुद्रणानंतर पाच वर्षांनीच काढता येते, ती कव्हर आहे असे वेष्टनावर लिहावे लागते आणि आधीच्या गायकाच्या नावाचा वा छायाचित्राचा वापर करून गिऱ्हाइकाची दिशाभूल करता येत नाही. त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, जो करारात सहीने सोडून देता येत नाही. वेष्टन आता राहिले नाही, पडदा आला. मग तोच नियम पडद्यावर का नको? प्रत्येक आवृत्तीखाली गीतकार, संगीतकार, गायक आणि मुद्रणाचे वर्ष लिहिणे प्रवाही संगीत सेवांना बंधनकारक करावे आणि त्याच पदाच्या इतर आवृत्त्यांची वाटही तिथेच दाखवावी. तंत्रज्ञानाला हे अवघड नाही, आणि ज्या कंपन्यांकडे साठ वर्षांचा साठा आहे त्यांच्याकडे ही माहिती कागदावर आहे.

सरकारची आणि कंपन्यांची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. कळवणच्या एखाद्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात महिन्यातून एक संध्याकाळ अशा ऐकण्याला देता येईल. लागतो फक्त एक बरा स्पीकर आणि नावे सांगणारा माणूस. आधी सावकारांची सालगवराळी, मग वसंतरावांचा धानी, मग महादेवन आणि शेवटी राहुल. मधे कोणी बोलू नये. वाद झाल्यावर घालावा आणि जोरात घालावा. वेळ उरला तर ओटिस आणि अरिथाही लावावेत. इंग्रजी न समजणाऱ्यालाही तिथे कोण मागतो आहे आणि कोण ठणकावतो आहे, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल.