बापूचं मरण औषधाच्या खात्यावर टाकू नका

बापू जाऊन आज 18 दिवस झाले. इथं मी बागेच्या नोंदी टाकतो, ही नोंद टाकायची नव्हती. पण काल एका ग्रुपवर बापूचा फोटो फिरत आला. खाली लिहिलेलं, "रासायनिक शेतीचा आणखी एक बळी". फोटो माझ्याच बागेतला, मीच काढलेला. ज्यांनी फिरवला त्यांनी बापूला आयुष्यात बघितलेलं नाही.

सरळ सांगतो. बापूला कॅन्सर डाव्या गालात झाला. 30 वर्षं ज्या गालात तो तंबाखूचा बार धरायचा, त्याच गालात, त्याच जागी.

मी औषधवाल्यांची वकिली करत नाही. आम्ही दोघांनी मिळून ब्लोअर घेतला, 24 वर्षं दोन्ही बागांना औषध मारलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं उघड्या हातानं कालवत होतो, तोंडाला नुसता टॉवेल. ते चुकीचंच होतं. 2017 ला यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ते कुणी विसरू नये. काही औषधांचा काही जातीच्या कॅन्सरशी संबंध दिसलाय, त्यावर काम चालू आहे, ते व्हायलाच पाहिजे. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये मोठा गुन्हेगार कोण, हा वाद कधीच मिटलाय. तंबाखू आणि सुपारी. नुसती सुपारीसुद्धा. जगात तोंडाच्या कॅन्सरचे जे रुग्ण निघतात, त्यात तिघांतला साधारण एक आपल्या देशातला असतो. सगळ्या जगात द्राक्षं पिकतात, औषधं मारली जातात. मग आपल्याच गालात एवढं का, याचा विचार करा.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाची खोड कशाला काढतोस? काढतो, कारण त्या फोटोनं नुकसान होतंय. ज्याच्या हातात पुडी आहे तो ते वाचतो, "खरं आहे, सगळं विषच खातोय आपण" म्हणून मान डोलावतो, थुंकतो आणि पुढचा बार मळायला घेतो. आमच्या गावात दोघं पूर्ण सेंद्रिय करतात. एक थेंब रसायन नाही. दोघांच्याही खिशात चुन्याची डबी आहे.

आता माझं सांगतो.

गेल्या दिवाळीच्या आसपास डिपिंग चालू होतं. दुपारी भाकरी खाताना बापूनं ठेचा बाजूला सारला. म्हटलं काय झालं, तर म्हणाला, "गालात झोंबतंय. दाढेचा कोपरा घासतोय वाटतं." बॅटरी मारून बघितलं. आत पांढरा चट्टा, मधे लालसर. मी म्हटलं, "दाखवून घे की." तो म्हणाला, "आरं, माल जाऊ दे, मग बघू." आणि मी गप्प बसलो. नुसता गप्प नाही बसलो, जेवण झाल्यावर त्याला माझ्याच पुडीतली तंबाखू दिली. "उजवीकडं धर," म्हटलं. हे वाक्य माझं आहे आणि ते मला रोज ऐकू येतं.

याच बापूची फवारणीची वही बघा. 1999 पासूनची प्रत्येक छाटणी, प्रत्येक औषध, किती लिटर पाण्याला किती ग्रॅम, पाऊस किती वाजता आला, सगळं तारखेनिशी. पानावर भुरीचा एक पांढरा ठिपका दिसला की हा माणूस संध्याकाळी ब्लोअर बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवसाची वाट बघायचा नाही. आणि स्वतःच्या गालातला पांढरा चट्टा चार महिने ठेवला. त्याची तारीख वहीत नाही.

मधे एका झाडपाल्यावाल्याकडं दोन महिने गेले. त्यानं सांगितलं, तुकडा काढू नका, ब्लेड लागलं की पसरतो. ही थाप आपल्याकडं घराघरात आहे आणि साफ खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय कळतच नाही, आणि तपासल्यानं पसरत नाही. पसरतो तो वाट बघितल्यानं. माल फेब्रुवारीत गेला, दर बरा लागला. मार्चमध्ये मिरजेला तुकडा तपासला, तोवर गळ्यात गाठ आलेली. खरड छाटणीच्या वेळी बापूचा अर्धा जबडा काढलेला होता. मग दीड महिना रेडिएशन. बोलता यायचं नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवायचा. एकदा लिहिलं, "माझ्या बागेची सबकेन नीट झाली का". श्रावणात परत उलटला आणि भाद्रपदात संपलं.

सुरुवातीलाच सापडला तर बऱ्याचदा नुसत्या ऑपरेशनवर भागतं आणि बहुतेक माणसं वाचतात, हे मला मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. मार्चमध्ये सांगितलं.

2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. तेव्हापासून आपण किती शहाणे झालो बघा. घडात कोणत्या औषधाचा किती अंश आहे ते लॅबमधून तपासून घेतो, पैसे भरतो, रिपोर्ट जपून ठेवतो. परदेशातल्या माणसाच्या तोंडात काय जाणार त्याची तपासणी. पिकवणाऱ्याच्या तोंडात कोण बघितलंय?

कृषी खात्याचे साहेब, कंपन्यांची पोरं, सल्लागार हे पेज वाचतात, त्यांनाही बोलतो. चर्चासत्रात तुम्ही मास्क, हातमोजे, गॉगल दाखवता, चांगलं करता. मग बांधावर आल्यावर आमच्याबरोबर बार लावता. औषध कालवलेल्या हातानं तंबाखू मळणारा माणूस समोर दिसतो आणि तुम्ही पीएचआय सांगत राहता. आम्ही बागायतदार तर त्याहून पुढं. गड्याच्या हजेरीबरोबर पुडी, बायकांना मिश्री, पानसुपारी. आणि रक्षाविसर्जनाला, बापूच्या राखेपासून दहा पावलांवर, पुडी हातोहात फिरली. माझ्यापर्यंत आली. मी पुढं दिली, परत दिली नाही. तिथंच बोलायला पाहिजे होतं.

तंबाखू पण शेतकऱ्याचंच पीक आहे, असं कुणीतरी म्हणेलच. आहे. 1981 ला निपाणीला शरद जोशींबरोबर तंबाखूवाले रस्त्यावर बसले, तो दराचा लढा खरा होता. म्हणून ते गालात ठेवलंच पाहिजे असं कुठं आहे?

केरळात तिरुवनंतपुरमकडं गावोगाव तोंडं तपासली. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. 2005 ला निकाल आला. तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरनं मरणारे सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. एवढंच करायचंय. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर दोन्ही गाल, हिरड्या, जिभेखाली, टाळू बघा. तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. माल असू दे नाहीतर लग्न. सोडायची असेल तर 1800 11 2356 हा फुकटचा नंबर पुडीवरच छापलेला असतो.

मी 18 दिवसांत दोनदा खाल्ली. खोटं बोलणार नाही.

उद्या सकाळी सात वाजता बापूच्या बागेत फळछाटणी धरलीय. माणसं 12 सांगितलीत. चहा-नाष्टा माझ्याकडं, पुडी नाही, हे आधीच सांगून ठेवलंय, दोघं त्यावरनं यायचे रद्द झालेत. बाकीच्यांच्या तोंडात बघायला सव्वादहाला तालुक्याचे दातांचे डॉक्टर येतायत. ज्यांना यायचंय त्यांनी या, बाग ओढ्याच्या अंगाला आहे.