आधी पुढे आले, त्यांचे काय?

करंजाचे तेल माझ्या आजीला दिव्यापुरते आणि खरजेपुरते ठाऊक होते. आदिलाबादकडील पॉवरगुडा गावच्या बचतगटातील आदिवासी बायकांनी मात्र डिझेलला पर्याय म्हणून ते गाळले. २००३ मध्ये जागतिक बँकेने त्यांच्या १४७ टन कार्बन-बचतीचे ६४५ डॉलर मोजले!

पुढे २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे स्वप्न दाखवले. मोगली एरंड पडीक जमिनीत फळेल, असे सांगितले गेले. पाण्यावाचून तो जगला. बिया मात्र पुरेशा देईना. झळ बसली ती आधी पुढे आलेल्या शेतकऱ्यांनाच.

प्रयोग जरूर व्हावेत. पण रोप देणाऱ्याने बियांच्या खरेदीची हमीही द्यावी, एवढेच माझे म्हणणे.