वकिलाची सही आणि यंत्राची लेखणी

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज वकिली करीत आहेत. त्यांतील बहुतेक जण आपापल्या घराण्यातील पहिलेच वकील आहेत. त्यांच्यापाशी वडिलोपार्जित ग्रंथसंग्रह नाही, ज्येष्ठ वकिलाचे छत्र नाही आणि मदतनीस ठेवण्याची ऐपतही नाही. अशांना क्षणार्धात मसुदा लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वरदान वाटावी, यात नवल नाही. तिचा उपयोग मीही नाकारीत नाही. तथापि तिच्या चुकांची खरी किंमत वकिलाकडे विश्वासाने आलेला पक्षकार मोजतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ही गोष्ट मांडणे मला अगत्याचे वाटते.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एव्हिएन्का या विमान कंपनीविरुद्ध एका प्रवाशाचा दावा सुरू होता. खाद्यपदार्थांच्या गाडीचा धक्का लागून गुडघ्याला इजा झाली, ही त्याची तक्रार. त्याच्या वकिलांनी आधारासाठी दिलेल्या निवाड्यांपैकी सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते. ‘हे निवाडे खरे आहेत का?’ असे वकिलाने त्या यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता! न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. प्रवाशाचा दावाही मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

हे परदेशापुरते राहिलेले नाही. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकर आकारणीचा असा एक आदेश आला, ज्यात अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निवाडे कोठेही सापडत नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. त्या करदात्यापाशी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ होते. परंतु जातवैधतेसाठी कार्यालयाचे उंबरे झिजविणारा विद्यार्थी, गायरान जमिनीसाठी झगडणारी विधवा किंवा अत्याचाराची फिर्याद घेऊन आलेले कुटुंब यांच्यापाशी ते बळ कोठून असणार? वकिलाने दिलेला कागद तपासून घेण्यासाठी ते दुसरा वकील लावू शकत नाहीत.

चूक का होते, हे समजून घेतले पाहिजे. असे यंत्र मुळात एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज बांधून वाक्य जुळविते. त्यामुळे पक्षकारांची नावे, वर्ष, पृष्ठक्रमांक हे सारे हुबेहूब निवाड्यासारखे दिसते. निवाडा मात्र नसतो. कलमांच्या बाबतीतही सावध असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ आता १०३ झाले आहे; नव्या संहितेतील ३०२ वे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांविषयी आहे. शिवाय त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागू पडते. भाषांतराची गत निराळी नाही. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास परवानगी दिली. यंत्राने त्याचा हिंदीत ‘रजा मंजूर’ असा अर्थ लावल्याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच जाहीरपणे सांगितले आहे.

या संदर्भात महाडच्या चवदार तळ्याचा खटला आठवतो. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट फार प्राचीन आहे, असे वादी ठामपणे सांगत होते. १९२७ साली सुरू झालेला हा वाद मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला, कारण ती वहिवाट अनादी काळापासून असल्याचे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. ठामपणे सांगितलेले विधान आणि सिद्ध झालेले विधान यांतील हा भेद ज्या समाजाने दहा वर्षे लढून न्यायालयात प्रस्थापित केला, त्याच्या वकिलांनी तो यंत्रापुढे विसरू नये.

यंत्र वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. मसुद्याची भाषा नीट करणे, लांबलचक कागदपत्रांचा गोषवारा काढणे, यासाठी ते जरूर वापरावे. मात्र पक्षकाराची खासगी माहिती त्याच्या हवाली करू नये. प्रत्येक निवाडा मुळातून वाचावा. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ‘ई-एससीआर’वर विनामूल्य उपलब्ध आहेत, तेव्हा पैशांची सबबही उरत नाही. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये धोरण आखून जिल्हा न्यायालयांना निर्णय देण्यासाठी अशी साधने वापरण्यास मनाई केली आहे.

माजी विद्यार्थी संघापुढे माझी एक सूचना आहे. आपल्यातील वकिलांनी महिन्यातून एक रविवार विद्यालयात बसावे आणि पंचक्रोशीतील लोकांच्या अर्जांतील व दाव्यांतील कलमे, तारखा व निवाडे मुळाशी ताडून द्यावेत. पालकांनीही वकिलाला ‘हा निवाडा आपण स्वतः वाचला आहे का?’ असे विचारण्यास संकोच करू नये. कागदावर सही वकिलाची असते. त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारीही त्याचीच आहे.