उपटली तरी न मरणारी घोळ



हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? पूर्णा नदीवरचं धरण म्हटलं की मराठवाड्यातली मुलं लगेच हात वर करतील! वरच्या अंगाला येलदरीचं धरण, त्याच्या खाली सिद्धेश्वरचं. ह्या पाण्याचे कालवे काळ्या रानातून दूरवर गेले आहेत. आता पाणी आलं की पीक येतं आणि पिकाबरोबर न बोलावलेले पाहुणेही येतात. त्यांना आपण म्हणतो तण. आज त्यातल्याच एका चिवट पाहुण्याची ओळख करून घेऊ. तिचं नाव घोळ.

बाजारात घोळ नावाचा मासाही मिळतो, पण आपली घोळ जमिनीवरची बरं का! लालसर, गुळगुळीत, रसरशीत देठ. छोट्या चमच्यासारखी जाड पानं. इवलंसं पिवळं फूल, तेही ऊन पडल्यावर थोडाच वेळ उमलणारं. अंग सगळं जमिनीवर पसरलेलं. हिची धाकटी बहीण म्हणजे बारीक पानांची चिवळ. शास्त्रज्ञ घोळीला पोर्तुलाका ओलेरासिया म्हणतात.

खुरपणाऱ्या बायकांना विचारा, घोळ किती हट्टी असते ते. उपटून बांधावर टाकली तरी देठातल्या पाण्यावर ती कित्येक दिवस हिरवी राहते. मधेच पाऊस आला तर पुन्हा मुळं धरते! तिची बोंडं म्हणजे झाकणाची डबीच. झाकण उडालं की बारीक काळं बी रानभर.

तुम्ही म्हणाल, एवढा चिवटपणा येतो कुठून? इथंच खरी गंमत आहे. एरवी घोळ ज्वारी-मक्याच्या रीतीने अन्न बनवते. भर उन्हात झपाट्याने वाढायला ही रीत उत्तम. पण पाणी तुटलं की ती निवडुंगाची रीतही वापरू लागते. दिवसा पानांची रंध्रं मिटून घ्यायची, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा. दिवस उजाडला की तो साठा वापरायचा. ह्या दोन्ही रीती एकाच झाडात सहसा सापडत नाहीत. घोळीच्या पानात मात्र त्या एकाच पेशीत, एकमेकींत गुंतून चालतात, असं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवून दिलं.

हे तुम्हाला घरीही ताडून पाहता येईल. कुंडीत घोळ लावा. चांगली वाढली की आठ-दहा दिवस पाणी तोडा. मग एक पान भल्या पहाटे आणि एक संध्याकाळी, दोन्ही धुऊन चाखा. पहाटेचं पान जास्त आंबट लागेल. का, ते आता तुम्हीच सांगा!

आता स्वयंपाकघरात जाऊ. तुरीची किंवा मुगाची डाळ, घोळ, लसणाची फोडणी आणि बरोबर ज्वारीची भाकरी! लेबनॉनमध्ये घोळ कोशिंबिरीत घालतात, मेक्सिकोत ती रस्स्यात शिजते. थोरो नावाच्या अमेरिकन लेखकाने तर १८५४ सालच्या ‘वॉल्डन’ ह्या पुस्तकात लिहून ठेवलंय की, मक्याच्या शेतातली घोळ नुसती मीठ घालून उकडली तरी त्याचं जेवण छान झालं.

आपल्याकडे जुनी माणसं उष्णतेच्या त्रासावर, लघवीच्या जळजळीवर घोळ देत. भाजलेल्या जागी पाला वाटून लावत. पण विज्ञान विचारतं, पुरावा काय? १९८६ साली आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम ह्या शास्त्रज्ञांनी घोळीत ओमेगा-३ जातीचं मेदाम्ल भरपूर असल्याचं दाखवलं. १९९२ साली आणखी मोजमाप झालं. १०० ग्रॅम ताज्या पानांत हे मेदाम्ल ३०० ते ४०० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व क सुमारे २६ मिलिग्रॅम आणि जीवनसत्त्व ई सुमारे १२ मिलिग्रॅम निघालं. पालेभाजीच्या मानाने हे घसघशीतच! मात्र माशातलं ओमेगा-३ वेगळं असतं. घोळीतल्याचा थोडाच भाग आपलं शरीर त्या रूपात बदलू शकतं.

आणि औषध म्हणून? रक्तातली साखर आणि चरबी घोळीने थोडी उतरते, असं काही प्रयोगांत दिसलं. पण माणसांवरचे हे प्रयोग लहान होते. तेव्हा आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करून घोळ खाऊ घालायची नाही. भाजी ही भाजी, गोळी ही गोळी! भाजल्यावरही पाला लावत बसू नका. आधी जखमेवर गार पाण्याची धार धरायची आणि डॉक्टरांकडे जायचं.

आणखी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, घोळीत ऑक्झलेट पुष्कळ असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. इतरांनीही रोज ढीगभर खाऊ नये. दही-ताकातलं कॅल्शियम ह्या ऑक्झलेटला पकडून ठेवतं, म्हणून ताकातली घोळ चांगली.

दोन, देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. दुधी किंवा नायटी नावाचं तण असंच जमिनीवर पसरतं. ते अजिबात खायचं नाही. घोळीच्या देठातून पाण्यासारखा रस येतो. पहिल्यांदा खुडताना जाणतं माणूस बरोबर हवंच.

तीन, आणि सगळ्यांत महत्त्वाची. आता पुष्कळ शेतांत खुरप्याऐवजी तणनाशक फवारतात. फवारलेली घोळ लगेच सुकत नाही, हिरवीगार दिसते आणि फसवते. त्यामुळे शेतमालकाला विचारल्याशिवाय एक पानही तोडू नका. सांडपाण्याच्या कडेची घोळही नको.

म्हणूनच म्हणतो, परसात किंवा कुंडीत एक कोपरा घोळीला द्या. बी विकत आणायला नको, देठाचा तुकडा खोचला तरी पुरे. आणि रविवारी आजीला विचारा, “आजी, तुझ्या लहानपणी रानातल्या कुठल्या कुठल्या भाज्या खायचात गं?” ती सांगेल ती नावं वहीत उतरवून घ्या. फवाऱ्याने घोळ काही लवकर संपायची नाही, पण तिला ओळखणारे डोळे मात्र कमी होत चाललेत. ते डोळे आता तुमचे असू द्या!