स्थलांतर विमानतळावरच सुरू होते काय?

मराठीत 'डायस्पोरा' हा शब्द उच्चारला की चर्चा हटकून न्यू जर्सीकडे नाहीतर लंडनकडे वळते. दोन संस्कृतींच्या सांध्यावर उभे असलेले मन, दुरावलेली मायभाषा, परतीची ओढ ही परिभाषा आता चर्चासत्रांतून चांगलीच रुळली आहे. परदेशस्थ मराठी लेखकांविषयी आम्हांस आकस नाही. त्यांचे तुटलेपण खरेच आहे. आमची तक्रार समीक्षेविषयी आहे. स्थलांतरिताची ओळख पारपत्रावरून ठरवणारी ही समीक्षा कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात झालेल्या प्रचंड स्थलांतराकडे त्या नावाने पाहतच नाही. त्या लेखनावर 'कामगार साहित्य', 'दलित साहित्य' अथवा 'लोककला' अशी चिठ्ठी चिकटवली की तिचे काम संपते.

या चिठ्ठ्या खोट्या नाहीत, पण त्यांखाली काय झाकले जाते ते पाहावे. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून लहानपणी कुटुंबासह पायी चालत मुंबईस आले. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी. शहरात काम मिळत नाही म्हणून तो उपनगरातील खाणीवर राबतो, आणि खाण बंद पडताच चितेची राख चाळू लागतो. शेवटी तो आपली बोटे गमावतो आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते. ही कथा दारिद्र्याची म्हणून शिकवली जाते. परंतु गावी ज्या शरीरबळावर भीमाची ओळख उभी होती, त्याचे शहरात काय होते, हा प्रश्न स्थलांतराचाच आहे. 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचेही तेच. तीत पत्नीचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख एकत्र गुंफले आहेत. आम्ही चळवळ तेवढी लक्षात ठेवली आणि विरह सजावटीत काढला.

यावर आक्षेप येतो तो असा : देशांतर्गत स्थलांतरात ना सीमा ओलांडावी लागते ना भाषा बदलावी लागते, मग अस्मितेचा पेच कोठून येणार? सीमेचेच प्रमाण मानायचे तर गोव्याचे उदाहरण घ्यावे. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग 1892 साली मुंबईत झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, म्हणजे धोबीतलावच्या कुडांत राहणारा गोवेकर कायद्याने परक्या राज्यात आला होता. पण त्याच शहरातील कोकणी चाकरमानीही गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, गावच्याच माणसांसोबत राहत होता. एकाने सीमा ओलांडली, दुसऱ्याने नाही. दोघांनीही गावाचा तुकडा शहरात मांडून त्यातून आपली कला जगवली. सीमेचा निकष या दोघांतील साम्य सांगूच शकत नाही.

हीच विसंगती कोकणच्या जाखडीत आणखी ढळढळीत दिसते. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजुरांबरोबर मराठी माणूस मॉरिशसला गेला. तेथे 'झाकरी' आजही मराठी वारसा म्हणून गौरवाने जपली जाते आणि आपणही तिचे कौतुक करतो. तीच जाखडी लालबाग-परळच्या चाळीत आली तेव्हा मात्र अभिजनांनी तिला 'बाल्या नाच' म्हणून हसण्यावारी नेले. समुद्र ओलांडला तर वारसा आणि खाडी ओलांडली तर करमणूक, हा न्याय कोणत्या समीक्षाशास्त्रात बसतो?

आणि जी गेलीच नाही तिचे काय? गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. मुंबईस गेलेल्या माणसाची वाट पाहणारी, घर आणि शेत एकटीने ओढणारी स्त्री ही स्थलांतराच्या कथेतील दुसरी नायिका आहे. तिची साक्ष ओव्यांत शोधण्याऐवजी ओवीला केवळ छंदशास्त्राच्या आणि लोकसाहित्याच्या तासाला बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

हा वाद वर्गीकरणापुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले. जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये त्या पडझडीतील कुटुंब उभे केले. आज गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत आणि चाकरमान्यांची नातवंडे स्वतःस मुंबईची मूळ रहिवासी समजतात. आजोबा उपरे होते ही आठवण पुसली गेली की आजचा उपरा केवळ गर्दी वाटू लागतो. 2020 च्या टाळेबंदीत हजारो मजूर याच शहरातून पायी बाहेर पडले. त्यांच्या चालण्याला अण्णा भाऊंच्या बालपणीच्या त्या चालण्याशी जोडून पाहण्याची सवय मराठी वाचकाला आपण लावलीच नव्हती. ही जबाबदारी वाङ्मय शिकवणाऱ्यांची होती.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. स्थलांतराच्या साहित्यावरील अभ्यासपत्रिकेत परदेशस्थांच्या लेखनाशेजारी 'स्मशानातील सोनं', तियात्र, जाखडी आणि मुंबईच्या ओव्या ठेवाव्यात. परदेशस्थांच्या लेखनाचे मोल त्याने घटणार नाही. उलट, त्यांचे एकाकीपण किती मोठ्या आणि किती जुन्या परंपरेत बसते, हे त्यांनाही कळेल.